संपातून उभे राहिलेले वर्ग

अमेरिकेतील विद्यापीठांत प्राध्यापकाचे कार्य तीन कसोट्यांवर पारखले जाते: संशोधन, अध्यापन आणि सेवा. शैक्षणिक वर्ष संपताना सन्मान समारंभ होतात. त्यांत एथनिक स्टडीज, म्हणजे वांशिक समूहांच्या इतिहास-संस्कृतीचे अध्यापन करणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाचे नाव पुकारले जाते, तेव्हा टाळ्यांच्या गजरात एक गोष्ट सहज विसरली जाते. हा विषय विद्यापीठांनी आपण होऊन सुरू केलेला नाही. तो लढून मिळवावा लागला आहे.

१९६८ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांची कृष्णवर्णीयांविषयीचा अभ्यासक्रम उभारण्यासाठी नेमणूक झाली. त्याच वर्षी, तेथेच इंग्रजी शिकवणारे ब्लॅक पँथर पक्षाचे जॉर्ज मरे यांना निलंबित करण्यात आले आणि ६ नोव्हेंबर रोजी संप सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर मेक्सिकन, चिनी, जपानी आणि फिलिपिनो वंशाचे विद्यार्थी ‘थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट’च्या नावाने उभे राहिले. त्यांच्या पंधरा मागण्यांचे सार असे होते की, आमच्या समाजातील मुलांना प्रवेश मिळावा, आमचा इतिहास शिकवला जावा आणि तो शिकवणारे शिक्षक नेमले जावेत. जानेवारी १९६९ मध्ये प्राध्यापकांची संघटनाही संपात उतरली. २३ जानेवारीला एकाच दिवशी चारशेहून अधिक लोकांना अटक झाली. मार्चमध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी एथनिक स्टडीजची स्वतंत्र शाखा सुरू झाली. हेअर यांना मात्र पुन्हा नेमण्यात आले नाही. ज्यांनी पाया घातला, त्यांच्या वाट्याला त्या इमारतीत वर्ग आला नाही.

या इतिहासातील दोन व्यक्ती आम्हांला विशेष विचार करायला लावतात. संपकाळात कॉलेजचे हंगामी अध्यक्ष होते एस. आय. हायाकावा. ते नामवंत भाषाशास्त्रज्ञ, जपानी वंशाचे. विद्यार्थ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या तारा त्यांनी गाडीवर चढून स्वतःच्या हातांनी उपटल्या. नव्या शाखेचे पहिले अधिष्ठाता झाले जेम्स हिराबायाशी, तेही जपानी वंशाचेच. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कुटुंबाला सरकारी छावणीत डांबले गेले होते आणि त्यांचे बंधू गॉर्डन यांनी त्या अन्यायाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. खुर्चीवर आपल्या समाजाचा माणूस बसला म्हणजे काम झाले, असे नव्हे. तो तेथे कोणाच्या बाजूने उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे. आंबेडकरी चळवळीला हा धडा नवा नाही.

बर्कली येथेही १९६९ च्या जानेवारीत संप झाला आणि त्यातून एथनिक स्टडीज विभाग निघाला. तेथे रोनाल्ड टाकाकी यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. हवाईत वाढलेले टाकाकी हे उसाच्या मळ्यांत राबलेल्या जपानी मजुरांचे वंशज. १९८१ साली त्यांना विद्यापीठाचा उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार मिळाला. त्यांचे मोठे काम मात्र पुरस्कारापलीकडचे आहे. बर्कलीच्या प्रत्येक पदवी-विद्यार्थ्याने अमेरिकेतील विविध समाजांचा तौलनिक अभ्यास केलाच पाहिजे, हा नियम व्हावा म्हणून झटणाऱ्यांत ते अग्रभागी होते. १९८९ साली तो नियम मंजूर झाला.

सॅन दिएगो स्टेटमध्ये शर्ली वेबर यांनी सुमारे चाळीस वर्षे आफ्रिकी-अमेरिकी समाजाचा अभ्यास शिकवला. आर्कान्सातील एका बटाईदार शेतकऱ्याची ही मुलगी पुढे कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत गेली. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक पदवी-विद्यार्थ्याला एथनिक स्टडीजचा एक अभ्यासक्रम अनिवार्य करणारा २०२० चा कायदा त्यांनीच मांडला. १९६८ मधली मागणी बावन्न वर्षांनी कायद्यात उतरली, तीही एका शिक्षिकेच्या हातून.

‘सेवा’ या शब्दाचा हा अर्थ आम्हांला मोलाचा वाटतो. आमच्या पूर्वजांसाठी सेवा म्हणजे जन्माने लादलेली वेठ होती. महार वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबावे आणि मोबदल्यात तुकडा मिळावा, अशी ती रीत. ते वतन नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. इथे मात्र सेवा म्हणजे ज्ञान वर्गाबाहेर नेऊन समाजाच्या कामी लावणे. स्वतः बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. अध्यापन आणि सेवा त्यांच्या आयुष्यात वेगळ्या नव्हत्या.

या दोन लढ्यांचे नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. तरीही अमेरिकेतल्या वर्गात ‘भारतीय’ हा एकच शब्द दीर्घकाळ सगळ्यांसाठी पुरेसा मानला गेला. भगतसिंग थिंद यांच्या १९२३ च्या खटल्यात नागरिकत्व नाकारले गेले, हे वर्णद्वेषाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण आपण उच्चजातीय असल्याचा आधार थिंद यांच्या बाजूने घेतला गेला होता, हेही त्याच धड्यात आले पाहिजे. जात समुद्र ओलांडून इथे आली, याचा तो लेखी पुरावा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या तेवीस विद्यापीठांच्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द समाविष्ट केला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट आणि सॅन दिएगो स्टेट ही त्यांपैकीच. विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या संघटनांनी या मागणीला बळ दिले. ज्या आवारात कधी ध्वनिक्षेपकाच्या तारा उपटल्या गेल्या, तेथे आता आमच्या मुलांना जात लपवण्याची सक्ती नसावी, एवढे संरक्षण कागदावर तरी मिळाले आहे.

ते कागदावरून वर्गात आणणे हे काम शिक्षकांचे आहे, तसेच आमचेही. विभूतिपूजेविषयी बाबासाहेबांनी आपल्याला सावध केले आहे. म्हणून या शिक्षकांना केवळ शाल आणि पुष्पगुच्छ देऊन आमचे ऋण फिटणार नाही. आमच्या मुलामुलींनी हे अभ्यासक्रम निवडावेत, अभियांत्रिकीच्या जोडीला निवडावेत. आमच्या आईवडिलांच्या आठवणी, जुनी पत्रे, धम्मदीक्षेची छायाचित्रे यांची नोंद करून ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे सोपवावीत. विभागांचा निधी कापला जातो तेव्हा आमच्या सहीची पत्रे कुलगुरूंच्या टेबलावर पोहोचावीत. ज्यांनी इतरांचा इतिहास शिकवता शिकवता आमच्यासाठीही बाक राखून ठेवला, त्यांचा सन्मान त्या बाकावर जाऊन बसण्यानेच होईल.

जयभीम.