दारूगोळ्याचं मॅन्युअल, 1715 चं

अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे लोक आधी मॅन्युअल उघडतात, मग दारू मोजतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यामुळे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हाच. पण दारूगोळ्याचं मॅन्युअल आपल्याकडेही होतं बरं का: रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', 1715 चं.

गंमत म्हणजे त्यातल्या दुर्गप्रकरणाचा भर दारू बनवण्यावर नाही, सांभाळण्यावर आहे. दारूखाना घरांपासून लांब हवा. तळघर करायचं, तळ गच्च करायचा, त्यात माच घालून वर दारूची मडकी ठेवायची. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढायचे, ऊन द्यायचं, पुन्हा मोहोर लावून ठेवायचं. (आमच्या भाषेत क्रॉन जॉब!)

एवढा खटाटोप का? कारण दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. ती ओल धरते, आणि सर्दलेली दारू असली की तोफ असून नसल्यासारखी. म्हणून नुसतं 'काळजी घ्यावी' नाही, तर कुणी आणि कधी, तेही लिहिलंय. आजची कितीतरी मॅन्युअल्स इथेच गंडतात.

कान्ह्याहून लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा आणि भर जुलैत लोहगडावर एखादी कोरडी जागा शोधून दाखवा!