नगर, निगम आणि श्रेष्ठी : जुन्या संज्ञांचा अर्थबोध

आगमग्रंथांचे वाचन करीत असता ग्राम, नगर, खेट, कर्बट, मडंब, द्रोणमुख, पत्तन, निगम अशी वस्त्यांची नामावली वारंवार कानी पडते. श्रोता ती पाठाचा एक भाग म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्दास निश्चित अर्थ होता आणि त्या अर्थावर प्रत्यक्ष आचारनियम अवलंबून होते.

बृहत्कल्पसूत्राच्या प्रारंभी साधूंच्या निवासाचा नियम सांगितला आहे. वस्तीस तटबंदी असून तटाबाहेर वस्ती नसेल, तर चातुर्मासाव्यतिरिक्तच्या काळात साधूंनी तेथे एक मास राहावे. तटाबाहेरही वस्ती असेल, तर एक मास आत व एक मास बाहेर असे दोन मास राहावे. जेथे निवास, तेथेच भिक्षा, असेही बंधन आहे. साध्वींसाठी हीच मर्यादा दुप्पट आहे. म्हणूनच वस्तीचे स्वरूप नेमके ठरविणे आवश्यक झाले.

संघदासगणींनी भाष्यात या संज्ञांची फोड केली आहे. अठरा प्रकारचे कर जेथे लागू होत ते ग्राम. जेथे कर नाही, ‘न-कर’, ते नगर. ही व्युत्पत्ती आजचे भाषाशास्त्र कदाचित मान्य करणार नाही. परंतु गाव आणि शहर यांतील भेद त्या काळी करांच्या भाषेत समजून घेतला जात होता, हे तिच्यावरून दिसते. मातीचा तट असलेले ते खेट. ज्याच्या चोहोबाजूंस जवळपास दुसरे गाव नाही ते मडंब. जेथे जलमार्ग व स्थलमार्ग या दोहोंनी माल येतो ते द्रोणमुख. भडोच हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. व्यापारीवर्ग जेथे वसतो ते निगम. आणि नाना दिशांहून आलेल्या मालाच्या गाठी जेथे सोडल्या जातात ते पुटभेदन. घाऊक पेठेचे इतके यथार्थ वर्णन क्वचितच आढळेल.

वस्त्यांप्रमाणेच त्यांतील प्रतिष्ठितांचीही ठराविक नामावली आहे : तलवर, माडंबिक, कौटुंबिक, इभ्य, श्रेष्ठी, सेनापती, सार्थवाह. राजाने प्रसन्न होऊन ज्यास पट्ट बांधला तो तलवर. मडंबाचा अधिपती तो माडंबिक. येथे इभ्य आणि श्रेष्ठी हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ही बाब विशेष विचारार्ह आहे. ज्याच्या द्रव्यराशीमागे हत्ती दिसेनासा होईल तो इभ्य. श्रेष्ठी मात्र केवळ धनाने होत नसे. श्रीदेवतेची मुद्रा असलेला पट्ट मस्तकी धारण करण्याची अनुज्ञा ज्यास राजाकडून मिळाली, तो श्रेष्ठी. पहिला शब्द संपत्ती सांगतो, दुसरा अधिकार. आणि अधिकारामागे उत्तरदायित्व येतेच.

हे उत्तरदायित्व प्रत्यक्षात कसे असे, याचा पुरावा महाराष्ट्राच्या भूमीवर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेणीतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्याने बौद्ध भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. वर्षास २४० कार्षापण होतात; वर्षावासातील वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ याप्रमाणे हिशेब बरोबर जुळतो. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. हे दान निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविले गेले. निगम ही केवळ व्यापाऱ्यांची वस्ती नव्हती. दानाची साक्ष ठेवणारी सभाही तिच्याकडे होती, हे येथे स्पष्ट होते.

श्रेष्ठी हा शब्द पुढे शेठ, शेट, शेटे या रूपांनी टिकला. मराठी राज्यात कसब्यांच्या व पेठांच्या कागदपत्रांत पाटील-कुलकर्ण्यांच्या बरोबरीने शेटे-महाजन येतात. पेठ वसविणे, व्यापाऱ्यांस जागा नेमून देणे, बाजाराची व्यवस्था पाहणे ही त्यांची कामे आणि त्याबद्दल वंशपरंपरेचे हक्क. गुजरातेत नगरशेठ हे पद रूढ झाले. इ. स. १७२५ मध्ये मोगल सुभेदारीच्या कलहात मराठी फौजांकडून अहमदाबाद लुटले जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा शांतिदास झवेरी यांच्या घराण्यातील नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची मोठी रक्कम देऊन शहर वाचविले. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी बाजारात छाप होणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांना व त्यांच्या वंशजांना देण्याचे लिहून दिले. आधी कर्तव्य घडले, हक्क मागाहून आला.

आज ती पदे उरली नाहीत. शेटे आणि महाजन ही आडनावे झाली. ‘शेठ’ हे दुकानाच्या पायरीवर कोणासही लावावयाचे संबोधन झाले. शब्द स्वस्त झाला, तरी त्याचा मूळ अर्थ ग्रंथांत आणि शिलालेखांत सुरक्षित आहे. द्रव्य असणारा इभ्य. समाजाचा भार मस्तकी घेणारा श्रेष्ठी. पूर्वजांनी या दोन शब्दांत राखलेले अंतर ध्यानी ठेवणे, हेच या जुन्या संज्ञांच्या अभ्यासाचे खरे फलित होय.