हाकेभर वाट, कासराभर दिवस

वऱ्हाडातल्या एखाद्या पांदणीवर थांबून कुणा म्हाताऱ्याला विचारा, "काकाजी, गाव किती दूर आहे?" उत्तर बहुधा असं येईल, "इथंच तं हाय बाप्पा, दिवस बुडाच्या आंधी पोचता तुमी." आपण विचारलं अंतर आणि मिळाली वेळ! शहरातला माणूस यावर हसतो. पण या उत्तरामागे मोठा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे तो जितका मराठीचा, तितकाच इंग्रजीचाही आहे.

मी बरीच वर्षं अमरावती-अकोल्याकडच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. व्याकरणातल्या कुठल्याही नियमापेक्षा लांबी, अंतर आणि कालावधी सांगताना मुलं जास्त अडखळत. 'किती वेळ लागेल?' याचं इंग्रजी मुलं करत 'हाऊ मच टाइम'. इंग्रज माणूस मात्र सहज विचारतो, 'हाऊ लाँग?' म्हणजे किती लांब. त्याच्या बोलण्यात काळ हा दोरीसारखा लांब किंवा आखूड असतो. आपण काळ धान्यासारखा मापतो: खूप वेळ, थोडा वेळ, घटकाभर. अर्थात, आपल्याकडेही काळ कधीकधी लांबतो. 'पाऊस लांबला' हे दोनच शब्द मृगाच्या दिवसांत कपाशीवाल्याच्या तोंडून ऐकावेत. त्यातली लांबी कुठल्याच टेपनं मोजता येत नाही.

दुसरी अडचण 'पासून' या शब्दाची. 'मी सोमवारपासून आजारी आहे' आणि 'मी दहा दिवसांपासून आजारी आहे', दोन्हीकडे आपलं 'पासून' चालतं. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' आणि मधला पल्ला सांगायचा तर 'फॉर'. म्हणून आपल्याकडचे चांगले शिकलेले लोकही 'सिन्स टेन इयर्स' म्हणून जातात. तो अडाणीपणा नव्हे. तोंडी इंग्रजी असलं तरी डोक्यात मराठी चालू असते, इतकंच.

आता मापांकडे वळू. इंग्रजी मापं फार शास्त्रशुद्ध आणि आपली गावठी, असा एक समज आहे. खरं पाहू गेलं तर फूट म्हणजे पाऊल. मैल हा रोमन सैनिकांच्या हजार दुपावलांतून आला. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका तासाची लांबी. आणि एकर म्हणजे बैलजोडीनं एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन! आपली वीत, हात, बोट ही मापं शरीरातून आली, आणि 'योजन' हा शब्द बैल जुंपण्याच्या धातूतून. साहेबाचा शेतकरी आणि आपला शेतकरी, दोघांनी जग मोजलं ते अंगानं आणि औतानं.

आपला 'कोस' तर त्याहून मजेदार आहे. तो संस्कृत 'क्रोश' या शब्दातून आला आणि क्रोश म्हणजे हाक, आरोळी. म्हणजे मुळात कोस हा ऐकू येण्याचा पल्ला होता. 'घर हाकेच्या अंतरावर आहे' असं आपण आजही म्हणतो, तेव्हा नकळत तोच जुना कोस बोलत असतो. पुढे राज्यकर्त्यांनी कोसाला आकडा दिला. अकबराच्या काळात तो पाच हजार इलाही गजांचा ठरला, पण गावोगाव तो कमीजास्तच राहिला. मोठा प्रवास 'मजल दरमजल' होई. मजल हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ मुक्कामाची जागा आणि पर्यायानं एका दिवसाची चाल. इंग्रजीतला 'जर्नी' हा शब्दही फ्रेंचांच्या 'दिवस' या शब्दावरूनच आला.

वऱ्हाडात हे सगळं बदललं ते एकोणिसाव्या शतकात. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६० च्या दशकात मुंबईच्या पद्धतीनं जमिनीची मोजणी सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी आली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. 'एका औताची जमीन' या बोलण्यात काळी भारी जमीन आणि मुरमाड जमीन यांतला फरक आपोआप येई, कारण बैल दोन्हीकडे सारखे चालत नाहीत. एकरात तो येत नाही. प्रत वेगळी ठरवावी लागते. पण आकड्याचा एक फायदा मात्र झाला. तो कागदावर राहतो आणि वाद झाला तर कचेरीत दाखवता येतो.

त्याच दशकात कापसासाठी रेल्वे आली आणि अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. रेल्वेनं घड्याळ आणलं. आधी आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ही वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि अकोला आहे सत्त्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणजे अकोल्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे बावीस मिनिटं मागे. जुनी घटका चोवीस मिनिटांची. थोडक्यात, आपलं ऊन अजून जवळजवळ एक घटका मागेच आहे! शेतावरचा माणूस म्हणूनच 'कासराभर दिवस वर आला' म्हणत राहिला. बैल हाकताना हाती धरायचा दोर तो कासरा; क्षितिजापासून सूर्य तेवढा वर आला, ही झाली वेळ. आपणही इथे काळ दोरीनंच मोजला, साहेबाच्या 'लाँग'सारखा.

१९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. तरी आपण त्यांना 'मैलाचा दगड'च म्हणतो. आठवडा सात दिवसांचा, पण 'आठ दिवसांनी ये' म्हणतो. इंग्रजांचा 'फोर्टनाइट' चौदा रात्रींचा, आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा. कायदा मापं बदलतो, जिभेवरचे शब्द सहसा बदलत नाहीत.

मग जुन्या बोलण्याचं आज काय करायचं? मला वाटतं, ते नीट ऐकायचं. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, दवाखाना नकाशावर दहा किलोमीटर असेल. पावसाळ्यात नाला भरला की पाड्यावरची बाई सांगते, "अर्ध्या दिवसाची वाट हाय." बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईसाठी यातलं खरं अंतर कुठलं? दहा किलोमीटर हे रस्त्याचं माप झालं आणि अर्धा दिवस हे माणसाचं. योजना आखणाऱ्यांनी किलोमीटर जरूर मोजावेत, त्याशिवाय रस्ता होत नाही. पण त्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा, आणि त्यात तिथल्या माणसाला विचारून लिहावं की पावसाळ्यात पोचायला किती वेळ लागतो.