वकील फोन उचलत नाहीत, तेव्हा काय करायचे?

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्याचा दावा चालू असलेल्या ताई आमच्याकडे येतात, तेव्हा पुष्कळदा पहिली तक्रार नवऱ्याची नसते, वकिलांची असते. फी दिली, वकीलपत्रावर सही केली, आता फोन लागत नाही. आतल्या वाडीतून एसटी धरायची, दिवसाची मजुरी बुडवायची आणि 'पुढची तारीख पडली' एवढे ऐकून परत जायचे.

भांडण्याआधी दावा कुठे आहे ते पाहावे. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश फुकट दिसतात. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. कोर्टातून रोजनाम्याची नक्कल घ्यावी. कधी कळते की वकील प्रत्येक तारखेला हजर होते, फक्त आपल्याला सांगत नव्हते. मग लेखी निरोप पुरतो.

कधी मात्र उलटे निघते. एका ताईंचा पोटगीचा अर्ज 'अर्जदार व वकील गैरहजर' म्हणून निकाली निघाला होता आणि त्या घरी तारखेची वाट पाहत होत्या. अशा वेळी दिवस मोजावे लागतात. दिवाणी दावा गैरहजेरीत फेटाळला गेला किंवा एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला साधारण 30 दिवसांची मुदत असते. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले आहे. पण तेवढ्यावर विसंबू नये. 'तुम्ही स्वतः काय चौकशी केली?' हे कोर्ट विचारतेच. म्हणून वकिलांना व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टने तारीख घालून लिहावे, पावती जपावी.

उत्तर आलेच नाही तर वकील बदलता येतो, तो आपला हक्क आहे. नवे वकील जुन्यांची ना हरकत मागतात. ती मिळत नसेल तर जुने वकीलपत्र रद्द करण्याची परवानगी थेट कोर्टाकडे लेखी मागावी. राहिलेल्या फीसाठी कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 सालीच स्पष्ट केले. तरीही लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या मूळ प्रती कुणाकडेच ठेवू नयेत. विहारात लागलेल्या लग्नाचा एकुलता एक दाखला वकिलांच्या कपाटात अडकला की काय हाल होतात, ते आम्ही पाहिले आहेत.

पैसे नाहीत म्हणून जुन्याच वकिलांना धरून बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या आपल्या पुरुषांनाही हे लागू आहे. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या समितीकडे अर्ज करावा, हेल्पलाइन 15100. तिथून मिळालेले वकीलही दाद देत नसतील तर सचिवांकडे बदलून मागावेत.

कौटुंबिक न्यायालयात तर कलम 13 प्रमाणे वकील हा हक्क म्हणून मिळतच नाही. पक्षकाराने स्वतः बोलावे अशीच त्या कायद्याची रचना आहे. वकील नाहीत म्हणून तारखेला घरी राहणे ही सगळ्यात महागडी चूक. उभे राहा, वकील येत नाहीत हे सांगा, मुदत मागा.

तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली करता येते. ग्राहक मंचाची वाट 14 मे 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाली. मात्र बार कौन्सिल वकिलावर कारवाई करते, आपला दावा पुढे नेत नाही. त्यामुळे आधी दावा सावरा, तक्रार मग.

आणखी एक. गावच्या बौद्धजन समितीपुढे समेटाची बैठक ठरली, तरी कोर्टातली तारीख थांबत नाही. समेट झाला तर तो लेखी करून कोर्टात दाखल करावा लागतो, तोवर प्रत्येक तारखेला हजर राहावेच लागते.