मुसाशीला आधीच कळलं होतं का?

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर रात्री दोनच्या सुमारास एक वाद हमखास पेटायचा. अ‍ॅनिमेमधला कुणीतरी लढवय्या शांतपणे म्हणायचा, 'तुझा पुढचा वार मला आधीच दिसला,' आणि आमच्यात लगेच दोन गट पडायचे. एक गट म्हणायचा, याला खरंच पुढचं कळतं. दुसरा म्हणायचा, कळतं कसलं, नुसता वेग जास्त आहे. वार सुरू झाल्यावर बघतो आणि तरी आधी पोचतो. निकाल कधीच लागला नाही. नोकरीला लागून सात वर्षं झाल्यावर आता वाटतं, आम्ही पुरावा चुकीच्या जागी शोधत होतो.

हे मला पटवलं ते मियामोतो मुसाशीने. हा माणूस खराही होता आणि काल्पनिकही आहे. 'वॅगाबाँड' ही मांगा वाचली असेल, तर नाव ओळखीचं असेल. ताकेहिको इनोऊए यांनी ती १९९८ मध्ये सुरू केली. तिचा आधार आहे एइजी योशिकावा यांची कादंबरी, जी १९३५ ते १९३९ या काळात 'असाही' वर्तमानपत्रात क्रमशः छापून आली.

मुसाशीची सगळ्यात गाजलेली झुंज सासाकी कोजिरोशी झाली. साल १६१२ मानतात. जागा शिमोनोसेकीजवळचं एक लहानसं बेट. गोष्ट अशी सांगतात: मुसाशी मुद्दाम खूप उशिरा आला. होडीत बसून त्याने वल्ह्याची लाकडी तलवार कोरली. वाट बघून चिडलेल्या कोजिरोने तलवार उपसली आणि म्यान फेकून दिली. मुसाशी म्हणाला, जिंकणारा म्यान फेकत नाही, तू हरलास. आणि एका फटक्यात खेळ संपवला. म्हणजे समोरचा चिडणार, घाई करणार, चुकणार, हे सगळं त्याने आधीच ताडलेलं!

पण आता तारखा बघा. हा तपशील येतो 'नितेनकी' या चरित्रातून, आणि ते तयार झालं १७७६ च्या सुमारास. झुंजीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. त्याच्या कितीतरी आधी, १६५४ मध्ये, मुसाशीचा दत्तक मुलगा इओरी याने कोकुरा इथे एक शिलालेख उभारला. घरचाच माणूस, तोही कौतुक करायला बसलेला. तरी त्यात उशीर नाही, म्यान नाही, डाव नाही. दोघं एकाच वेळी पोचले आणि मुसाशीने लाकडी तलवारीने विजेच्या वेगाने मारलं, एवढंच. सतराव्या शतकातल्या नुमाता घराण्याच्या नोंदीत तर वेगळंच आहे: कोजिरो फटक्यानंतर शुद्धीवर आला आणि लपून आलेल्या मुसाशीच्या शिष्यांनी त्याला संपवलं.

यातलं नेमकं खरं कोणतं, ते मी सांगू शकत नाही. पण एक दिसतं: सगळ्यात जुन्या लेखात वेग आहे, भाकीत नाही. भाकीत नंतर आलं. शेवट माहीत असलेल्या लोकांनी ते मुसाशीच्या डोक्यात घातलं. म्हणजे हॉस्टेलवरचा दुसरा गट निदान या केसमध्ये जिंकला.

हे लेखकच करतात असं नाही. एकदा आमची सिस्टिम मध्यरात्री बंद पडली. सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, 'मला वाटलंच होतं.' सीनियरने विचारलं, 'कुठे लिहिलं होतंस?' मी चॅट शोधलं, तिकिटं शोधली. एक ओळ सापडली नाही. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं आठवत होतं.

तेव्हापासून माझी कसोटी साधी आहे. भाकीत घटनेच्या आधी नोंदलेलं हवं, आणि ते चुकण्याची शक्यता हवी. क्रिकेटमध्ये अशी नोंद मिळते. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅट्समनपाशी येतो. लँड आणि मॅक्लाउड या संशोधकांनी २००० साली दाखवलं, की चेंडू सुटताना बघून बॅट्समनची नजर उडी मारते आणि टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. कॅमेऱ्यात ते टिपलेलं आहे. हे खरं भाकीत. आणि ते चुकतं, म्हणून तर दांड्या उडतात.

खुद्द मुसाशी काय म्हणतो? १६४३ मध्ये कुमामोतोजवळच्या एका गुहेत त्याने 'गोरिन नो शो' लिहायला घेतलं. १६४५ मध्ये तो वारला. त्या पुस्तकात कोजिरोचं नावही नाही. समोरच्याचा हेतू ओळखण्याबद्दल मात्र आहे. जपानीत 'उत्सु' म्हणजे वार करणं. त्यातला 'उ' उमटतो न उमटतो तोच तो दाबून टाका, असं तो शिकवतो. आपल्याकडे म्हणायचं तर 'मारतो' मधला 'मा' तोंडातच अडवायचा. यात दिव्यदृष्टी नाही. सुरुवात झालेलीच असते. ती इतरांच्या आधी दिसायला हवी.

त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो सांगतो, की तेराव्या वर्षापासून एकोणतिशीपर्यंत साठाहून जास्त झुंजी लढलो, एकही हरलो नाही. मग तिशीत मागे वळून बघितलं, तेव्हा वाटलं, हे विद्येमुळे झालं नसावं. अंगची देणगी असेल, दैव असेल, किंवा समोरचेच कमी पडले असतील.

साठ झुंजी जिंकलेला माणूस 'मला आधीच कळलं होतं' म्हणत नाही. पुढच्या वर्षी मीही तीस वर्षांचा होईन. मीटिंगमध्ये ते वाक्य जिभेवर आलं, की आता आधी चॅट उघडून बघतो.