'ड्यून'चे वाचक आणि आमचे शब्द

नायब हा शब्द आपल्याला तहसील कचेरीत भेटतो. दाखल्याचा अर्ज घेऊन नायब तहसीलदारांच्या टेबलासमोर ताटकळणाऱ्या माणसाला हा शब्द मुळात अरबी आहे याची आठवणही होत नाही. पातशाही, अदब, उसूल, अवलिया हे शब्दही असेच आपल्या बोलण्यात मुरले आहेत. त्यामुळे एका अमेरिकी लेखकाने १९६५ साली लिहिलेल्या आणि हजारो वर्षांनंतरच्या एका परक्या ग्रहावर घडणाऱ्या कादंबरीत टोळीच्या म्होरक्याला 'नायब' म्हटलेले वाचले, तेव्हा आम्हाला आधी हसू आले. मग पुस्तकाच्या शेवटी जोडलेला शब्दकोश उघडला आणि हसू मावळले. इल्म, फिक्ह, उम्मा, उलेमा, सिरात, हज, शरिया, महदी, जिहाद. एवढे सगळे आपले सामान या परक्या घरात कुणी आणून ठेवले?

कादंबरीचे नाव 'ड्यून', लेखक फ्रँक हर्बर्ट. विज्ञानकथेच्या जगात तिच्याइतकी महत्त्वाकांक्षी कादंबरी क्वचितच लिहिली गेली असेल. आराकिस नावाच्या निर्जल वाळवंटी ग्रहावर 'मसाला' नावाचे एक दुर्मीळ द्रव्य मिळते. ताऱ्यांमधला सारा प्रवास त्यावर चालतो, म्हणून साऱ्या विश्वाची नजर त्या ग्रहावर. तिथल्या मूळ रहिवाशांना फ्रेमेन म्हणतात. ते शतकानुशतके छळ सोसत वाळवंटात मुरलेले, मुसलमानी परंपरेचे दूरचे वारस. सत्तेच्या कारस्थानात बाप गमावलेला पॉल नावाचा सरदारपुत्र त्यांच्यात आश्रय घेतो आणि फ्रेमेन त्याला आपला महदी मानू लागतात. खरी मेख पुढे आहे. महदीची ही भविष्यवाणी पॉलच्या आईच्या धूर्त भगिनीसंघाने अनेक पिढ्यांपूर्वी, पुढेमागे आपल्या बायकांना आसरा मिळावा म्हणून, या लोकांत मुद्दाम पेरून ठेवलेली असते. श्रद्धा खरी, माणसे खरी, दुःख खरे. भविष्यवाणी मात्र बनावट. पॉलला हे ठाऊक असते. आपल्या नावाने उसळणारे युद्धही त्याला स्वप्नांत दिसत असते, तरी तो पुढे जातो.

हर्बर्टला हे कुठून सुचले? १९५७ साली तो ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर फ्लॉरेन्स गावाजवळ गेला होता. तिथे पुढे सरकणारी वाळू गवत लावून थोपवण्याचे सरकारी प्रयोग चालू होते. त्यावरचा लेख काही छापून आला नाही, पण वाळवंट डोक्यात राहिले. पुढच्या वाचनात १९६० साली प्रसिद्ध झालेले लेस्ली ब्लांच यांचे एक पुस्तक होते. दागेस्तान-चेचन्याच्या डोंगरांत १८३४ ते १८५९ अशी पंचवीस वर्षे रशियन झारशी झुंजलेल्या इमाम शामिल यांची कहाणी त्यात आहे. हे इमाम शामिल शरणागतीनंतर काही वर्षांनी हजला गेले आणि १८७१ साली मदिनेत वारले. त्यांच्या राज्यात प्रत्येक मुलखाचा कारभार ज्याच्याकडे असे, त्याला नायब म्हणत. म्हणजे एकच अरबी शब्द एका वाटेने कॉकेशसच्या डोंगरात गेला आणि तिथून आराकिसवर पोहोचला. दुसऱ्या वाटेने दख्खनेत आला आणि आमच्या तहसील कचेरीत बसला. हर्बर्टने त्या पुस्तकातून शब्दच नव्हे, म्हणींच्या वळणाची वाक्येही उचलली आहेत. ही उचल वाचकांना उशिरा लक्षात आली. २०१७ साली एका अमेरिकी साहित्यपत्रात त्यावर लेख आला तेव्हा कुठे तिची सर्वत्र चर्चा झाली.

कादंबरी आधी 'ॲनालॉग' मासिकात १९६३ ते १९६५ या काळात दोन खंडांत क्रमशः आली. पुस्तकासाठी वीसएक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी ती छापली मोटार दुरुस्तीच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या चिल्टन या फिलाडेल्फियाच्या कंपनीने. पुढे ह्युगो पारितोषिक मिळाले, तेही विभागून. पहिलेच नेब्युला पारितोषिक मिळाले. पण खप सावकाशच वाढला. मोठ्यांची मतेही दोन टोकांची होती. आर्थर क्लार्क यांनी तिची तुलना फक्त टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'शी होऊ शकते असे म्हटले, तर खुद्द टॉल्किन यांनी १९६६ सालच्या एका पत्रात आपल्याला हे पुस्तक मुळीच आवडले नसल्याचे लिहिले. कारण सांगितले नाही.

या पहिल्या वाचकांनी कादंबरीत काय पाहिले? कुणी पर्यावरण पाहिले. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब, घामही वाया जाऊ न देणारा पोशाख, ग्रह हिरवा करण्याचे पिढ्यांचे स्वप्न हे सगळे १९७० साली पहिला वसुंधरा दिन साजरा करणाऱ्या तरुणांना आपले वाटले. १९७३ च्या तेलसंकटानंतर मसाला म्हणजे अरबांचे तेल हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. पण फ्रेमेनांच्या तोंडची अरबी? ती बहुतेकांना वाळूइतकीच सजावटीची वाटली. वाळवंट आहे, मग थोडी अरबी हवीच. त्या शब्दांमागे जिवंत माणसांचा समाज आहे आणि त्यातला एखादा वाचक उद्या हेच पुस्तक हातात घेईल, हे त्या चर्चांमध्ये कुठे जाणवत नाही.

तो वाचक आम्ही होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली, वेष्टन फाटलेली प्रत आमच्या हाती आली आणि वाचताना आनंद व खंत आळीपाळीने येत राहिली. आनंद असा की, पॉलचे फ्रेमेनांतले नाव 'मुअद्दिब'. अरबीत मुअद्दिब म्हणजे अदब शिकवणारा, शिक्षक. कादंबरीत ते एका वाळवंटी उंदराचे नाव आहे, तो उंदीर वाळवंटात जगण्याचा धडा देतो म्हणून. त्याचे दुसरे नाव 'उसूल', म्हणजे खांबाचा पाया. त्याची पदवी 'लिसान अल-गैब', अदृश्याची जीभ. ती तर हाफिज शिराझी यांची. फ्रेमेनांच्या एका ग्रंथाचे नाव 'किताब अल-इबर', ते इब्न खल्दून यांच्या इतिहासाचे. आता या इब्न खल्दूननी चौदाव्या शतकात काय सांगितले? वाळवंटातली काटक, एकजुटीची टोळी ऐषआरामात पडलेल्या राजवटीला उलथून टाकते आणि मग स्वतःच ऐषआरामात पडते. 'ड्यून' मालिकेचा सांगाडा नेमका हाच आहे. म्हणजे लेखकाने शब्दांबरोबर कुठेतरी विचारही घेतला होता.

खंत अशी की, घेतलेल्या वस्तू त्याने हव्या तशा वापरल्या. 'तकवा'चा अर्थ त्याच्या शब्दकोशात 'स्वातंत्र्याची किंमत' असा दिला आहे. ज्याने जुम्म्याचा खुत्बा एकदा तरी कान देऊन ऐकला आहे, तो यावर काय म्हणेल? 'औलिया' म्हणजे त्याच्याकडे ईश्वराच्या डाव्या हाताला असलेली स्त्री. आणि फ्रेमेनांच्या पंथाची वंशावळ सांगताना तो 'तिसरा मुहम्मद' असा उल्लेख करतो. पैगंबरांनंतर नबी नाही, हा ज्याच्या ईमानाचा भाग आहे त्याने इथे पुस्तक मिटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. आम्ही मिटले नाही. हजारो वर्षांत धर्मांची कशी सरमिसळ होईल याची ती कल्पना आहे, त्यात निंदेचा हेतू आम्हाला दिसला नाही, असे आम्ही स्वतःला समजावले. पण समजवावे लागले, हेही खरे.

इथे लेखकाची स्वतःची तक्रारही सांगायला हवी. ती आपल्या वाचकांविषयी होती. तारणहारांपासून सावध राहा, आपली बुद्धी त्यांच्या पायाशी ठेवू नका, हे सांगायला आपण पुस्तक लिहिले, असे हर्बर्ट पुढे वारंवार सांगत राहिला. वाचकांनी मात्र पॉललाच डोक्यावर घेतले. देखणा, शूर, बापाचा सूड घेणारा, जुलमी पातशहाला नमवणारा. असा नायक कुणाला नको? मग १९६९ साली 'ड्यून मसीहा' हा दुसरा भाग आला. त्यात पॉल गादीवर आहे आणि बारा वर्षांच्या जिहादचा हिशेब स्वतःच्या तोंडाने मांडतो. ६१ अब्ज माणसे मेली, नव्वद ग्रह ओसाड झाले. ज्या 'ॲनालॉग'ने पहिला भाग छापला, त्याच्या संपादकांनी, जॉन कॅम्पबेल यांनी, हा भाग नाकारला. त्यांना विजयी वीर हवा होता, पश्चात्तापाने पोळलेला पातशहा नको होता. वाचकांतही नाराजी पसरली. १९८४ साली डेव्हिड लिंच यांच्या चित्रपटाने तर कडीच केली. शेवटी पॉल खरोखर पाऊस पाडतो! लेखकाने जो माणूस देवपणाचे सोंग घेताना दाखवला, त्याला पडद्यावर खराच देव करून टाकले. चित्रपटावर एरवी खूश असलेल्या हर्बर्टलाही हे खटकले होते. १९८६ साली तो वारला.

महदीच्या नावाने उभी राहणारी सत्ता हे आमच्या दख्खनेला केवळ पुस्तकी प्रकरण नाही. सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३ ते १५०५) यांनी आपण महदी असल्याचे जाहीर केले. त्यांचे अनुयायी गुजरातेत आणि दख्खनेत पसरले. आज जिला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरच्या निजामशाहीत १५८९ च्या सुमारास जमालखान या महदवी सरदाराने इस्माईल या पोरवयाच्या शहजाद्याला तख्तावर बसवून सारा कारभार हाती घेतला आणि आपला पंथ राज्याचा पंथ केला. हिजरी सनाचे हजारावे वर्ष तेव्हा तोंडावर आले होते आणि काहीतरी मोठे घडणार अशी भावना ठिकठिकाणी होती. १५९१ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला लढाई झाली, जमालखान मारला गेला, आणि त्या पोराचा बापच बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसला. हजारावे वर्ष त्यानंतर काही महिन्यांनी लागले. महदवी पंथाचे लोक आजही आहेत, त्यांच्या श्रद्धेवर आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते सरदारांवर. लोकांची वाट पाहण्याची भावना खरी असते, आणि तिच्यावर स्वार व्हायला कुणीतरी नेहमी तयार असतो, एवढे हर्बर्टला अचूक कळले होते. पॉलची गोष्ट आम्हाला परकी वाटली नाही ती यामुळे.

२००१ नंतर सगळ्याच गोष्टी बदलल्या. 'जिहाद' हा शब्द आता कादंबरीतला राहिला नाही, तो बातम्यांतला झाला. विमानतळावर, भाड्याची खोली शोधताना, मुलाच्या शाळेत तो आमच्या पाठीमागे उभा राहू लागला. हर्बर्टच्या पानांवर या शब्दाला निदान दोन अर्थ आहेत. विचार करणाऱ्या यंत्रांच्या गुलामीविरुद्ध माणसाने प्राचीन काळी केलेला लढा हाही तिथे जिहादच आहे आणि पॉलच्या नावाने झालेला संहार हाही. डेनी व्हिलनव यांच्या नव्या चित्रपटाची पहिली झलक सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि तिच्यात पॉल म्हणतो की 'क्रुसेड' येत आहे. मुसलमानी परंपरेतल्या लोकांचा उठाव आणि त्याला नाव ख्रिस्ती धर्मयुद्धाचे! २०२१ साली पूर्ण चित्रपट आला त्यात 'पवित्र युद्ध' असा शब्द होता. जिहाद मात्र नव्हता.

यावर मुसलमान वाचक प्रथमच मोठ्या आवाजात बोलले. इस्लामचे अभ्यासक अली कार्जू-रवारी यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच 'अल जझीरा'वर लिहिले की, हर्बर्टने इस्लामी परंपरेशी जो गंभीर संवाद केला तो या बदलाने पुसला जातो. हारिस दुर्रानी यांनी पुढच्या वर्षी कादंबरीच्या धर्मविषयक परिशिष्टाचे बारकाईने वाचन करून तिचे मुसलमानपण वरवरचे नाही असे दाखवले. फ्रेमेनांच्या प्रमुख भूमिकांत अरब वा उत्तर आफ्रिकी चेहरे का नाहीत, असेही पुष्कळांनी विचारले. चित्रीकरण तर जॉर्डनच्या आणि अबू धाबीच्या वाळूत झाले होते.

किती विचित्र प्रसंग हा! जो शब्द आमच्यावर चिकटवला म्हणून आम्ही वीस वर्षे खाली मान घालून चाललो, तोच शब्द चित्रपटातून काढला म्हणून आमचेच लोक तक्रार करत होते. आम्हालाही आधी नवल वाटले. कुणी म्हणेल, काढला तर बरेच झाले, नाहीतर पुन्हा मुसलमान आणि संहार हेच चित्र. या भीतीला आम्ही खोटी म्हणणार नाही. पण शब्द झाकून माणसे सुटत नाहीत. झाकलेल्या शब्दाचा एकच अर्थ मागे राहतो, बातम्यांतला. वर आणखी एक तोटा: फ्रेमेन कोण हे धूसर केले की त्यांना फसवले गेले हेही धूसर होते. मग उरतो तो देखणा नायक, १९६५ च्या वाचकांना हवा होता तसा.

२०२४ च्या दुसऱ्या भागात व्हिलनव यांनी एक गोष्ट चांगली केली. पॉलची प्रेयसी चानी कादंबरीत त्याच्यावर विश्वास ठेवते. चित्रपटात ती भविष्यवाणीवर उघड शंका घेते आणि शेवटी सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती टेकत नाही, वाळूच्या अजगराला बोलावून निघून जाते. काही निष्ठावंत वाचकांना हा बदल रुचला नाही. आम्हाला रुचला. फ्रेमेनांपैकीच कुणीतरी ते बोलायला हवे होते.

तिसरा चित्रपट 'ड्यून मसीहा'वर बेतायचे ठरले आहे. ६१ अब्जांचा तो हिशेब पॉल सांगेल तेव्हा त्या युद्धाला काय म्हणेल, हे ऐकायला आम्ही जाणार आहोत.