आपल्या डोंगरातला एल्क

आपल्या हिंजवडी-चिंचवडकडची बरीच मंडळी ऑनसाइटला कोलोरॅडोला जातात. सप्टेंबर आला की त्यांचे फोटो यायला लागतात. रॉकी पर्वत, पहाटेचं धुकं, आणि मान वर करून बिगुल फुंकल्यासारखा ओरडणारा एल्कचा नर. गाईड पहाटे गाडीतून नेतो, कुठे उभं राहायचं ते सांगतो, जनावरापासून किती लांब राहायचं तेही सांगतो. फोटो झकास येतात.

पण गंमत अशी, की हा देखावा पूर्वापार चालत आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांच्या वस्त्यांना मांस पुरवण्यासाठी तिथे एवढी शिकार झाली की एस्टेस पार्कच्या परिसरातून एल्क जवळजवळ संपलेच होते. शेवटी १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून काही जनावरं आणून सोडली. १९१५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे आज आपण ज्यांचे फोटो काढतो ती जनावरं तिथे आहेत, ती कोणीतरी परत आणून सोडली म्हणून.

आता दुसरी गंमत. हा एल्क आपल्याकडेही होता! निदान नावाने तरी. श्रीलंका आणि दक्षिण भारतातले इंग्रज शिकारी चक्क आपल्या सांबराला 'एल्क' म्हणायचे. सॅम्युअल बेकरने १८५०च्या दशकात श्रीलंकेतल्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, त्यात कुत्रे सोडून ज्या 'एल्क'चा पाठलाग होतो तो सांबरच. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशाने या नावाची रीतसर चूक काढली. पण बिचारे शिकारी तरी काय करणार? घरापासून हजारो मैलांवर मोठं शिंगवालं हरिण दिसलं, ठाऊक असलेलं नाव चिकटवून टाकलं.

नावं देणं हा त्या काळातला मोठाच उद्योग होता. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनभर हिंडून प्राण्या-पक्ष्यांची नोंद करत होता. १८३१ साली त्याने आपल्या सह्याद्रीतल्या शेकरूला शास्त्रीय नाव दिलं, ते गव्हर्नर एलफिन्स्टनच्या नावावरून. प्राणी आपला, झाड आपलं, नाव मात्र साहेबाचं.

मग बंदुकीच्या जागी कॅमेरा कधी आला? आपल्याकडे याचं मोठं श्रेय एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याकडे जातं. संयुक्त प्रांतातल्या जंगलात तो वाटेवर तार लावायचा. जनावराचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडून फोटो निघायचा. १९२७ साली त्याचं पुस्तक आलं आणि रायफलशिवायही जंगलाचा नाद करता येतो हे लोकांना दिसलं. कायद्याने शिकारीला खरा लगाम बसला तो मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने.

आता आपल्या दाराशी या. चाकणच्या कंटेनरच्या रांगेतून सुटलात की राजगुरुनगर, वाडा, तळेघर करत रस्ता भीमाशंकरला जातो. १९८५ साली तिथे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे, पण सांबर, भेकर, पिसोरी, बिबट्या हेही आहेत. ताडोबात सांबर दिसला तर लोक कॅमेराही उचलत नाहीत. त्याने धोक्याचा 'ढाँक' आवाज दिला की मात्र सगळे सावध, कारण वाघ जवळ असणार! भीमाशंकरला वाघ नाही, त्यामुळे सांबराला स्वतःच्या नावावर जगता येतं. पण तो निघतो संध्याकाळनंतर, आणि माणसाची चाहूल लागली की गायब. २००८ पासून तो जागतिक पातळीवर 'असुरक्षित' प्राण्यांच्या यादीत आहे.

हे जंगल टिकलं कसं? अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या महादेव कोळ्यांनी देवराया राखल्या. देवाच्या रानातली काडी तोडायची नाही, हा नियम कुठल्याही सरकारी अधिसूचनेपेक्षा जुना. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शहरातल्या शिकलेल्या लोकांना त्यांची किंमत कळली. अभयारण्य झालं आणि राखणाऱ्यांवरच बंधनं आली. जंगलावरचा त्यांचा हक्क मान्य करणारा कायदा यायला २००६ साल उजाडावं लागलं.

मुद्दा इथे आहे मंडळी. शिकारीच्या काळात माग काढणारा, हाका घालणारा गावचाच माणूस असायचा. साहेबाच्या फोटोत तो कडेला उभा, नाव नाही. आज आपण फोटो टाकतो तेव्हा लेन्स लिहितो, शटर स्पीड लिहितो, आयएसओसुद्धा लिहितो. ज्याने ओल्या मातीतला खूर ओळखला, वारा कुठून आहे ते पाहून आपल्याला खाली बसवलं, तो मात्र 'लोकल गाईड'. शंभर वर्षांत बंदूक बदलली, ही सवय नाही बदलली.

तेव्हा वीकांताला भीमाशंकरला जायचं असेल तर पुण्याहून भरलेल्या बसपेक्षा तिथल्याच गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. आवाजाची रेकॉर्डिंग लावून जनावराला बोलवू नका, रात्री फ्लॅश मारू नका. सांबर दिसला नाही तर नाही दिसला, खुराचा फोटो काढा. आणि त्या फोटोखाली, त्याला चालणार असेल तर, वाटाड्याचं नाव लिहा. लेन्सच्या आधी.